चंदनासाठी स्थळ पाहताना

गौरी-गणपती आटोपले की आमच्या चिपळुणात माणसं जरा पाठ टेकतात. नेमकी त्याच वेळी मी बॅग भरायला घेतली, तेव्हा शेजारच्या काकूंनी दगडी गडग्यापलीकडून विचारलंच, "माहेरी काही कार्य आहे वाटतं?"

"हो. स्थळ बघायला चाललेय."

"कुणाला?"

"माझ्या वहिनींच्या दारातल्या चंदनाला."

काकू हसून आत गेल्या. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तेव्हा डोक्यावर थोडाफार परिणाम झालेला असणारच, हे आमच्या आळीनं केव्हाच मान्य करून टाकलं आहे. पण मी थट्टा करत नव्हते.

माझा दादा गेला त्याला वर्ष होऊन गेलं. आम्ही मूळचे नांदेडचे. दादा मात्र लग्नानंतर लातूर जिल्ह्यात, औसा रस्त्यावरच्या वहिनींच्या गावी राहायला गेला. शांतावहिनी आईबापाला एकुलत्या एक आणि घरी थोडी जमीन, तेव्हा जावयानंच तिकडे जावं असं ठरलं. घरजावई म्हटलं की आपल्या लोकांच्या जिभा सैल सुटतात. आमच्या गल्लीत त्याचं नाव 'बांडगूळ' पडलं. बांडगूळ म्हणजे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढणारी, त्याचंच पाणी पिऊन जगणारी वनस्पती. दादाला राग आला नाही. त्यानं सासऱ्याच्या दारात चंदनाचं रोप लावलं आणि मला फोन केला, "मी बांडगूळ, मग झाडही आपल्या जातकुळीतलंच पाहिजे ना?"

त्याला हे मीच सांगितलं होतं. चंदनाचा सुगंध सगळ्यांना ठाऊक असतो, पण चंदन परावलंबी आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याची पानं हिरवी असतात, स्वतःपुरतं अन्न ती शिजवतात. पण मुळं जमिनीखाली शेजारच्या झाडाच्या मुळांना गोचिडासारखी चिकटतात आणि पाणी, क्षार ओढून घेतात. म्हणून दादानं रोपाशेजारी आधी तूर लावली, नंतर कडुनिंब. झाड छान वाढलं. फुलायलाही लागलं. फळ मात्र कधी धरलं नाही.

यंदा श्रावणात वहिनींचा फोन आला. रस्ता रुंद होतोय, मोजणीवाल्यांनी चंदनावर लाल पट्टा मारलाय, सोयाबीन निघालं की मशीन येणार.

"झाड जाऊ द्या, ताई," वहिनी म्हणाल्या. "रस्ता काय आपल्यासाठी थांबतोय व्हय? पर त्याचं एक तरी बी माझ्या हातात पडावं. तुमचे दादा रोज सकाळी झाडाखाली वाकून बगायचे. मनायचे, एकदा बी धरू दे, सगळा बांध चंदनाचा करतो. फुलं यायची आन् झडून जायची. बगत बगतच गेले."

मी त्यांना समजावलं, की चंदनाला बहुधा स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या, वेगळ्या चंदनाचे पराग लागतात. एकटं झाड कितीही फुललं तरी व्यर्थ.

"एकटं कुठं हाय?" वहिनी म्हणाल्या. "बाजूला पाखरानं दुसरं आणून टाकलंय की. आम्ही त्यांचं लग्न बी लावलंय."

हे लग्नाचं मला नवीन होतं. आणि दोन झाडं शेजारी शेजारी फुलूनही फळ का नाही, हे कोडं काही सुटेना. शेवटी ठरवलं, लांबच्या जंगलातून पराग आपणच घेऊन जायचे. माझी कॉलेजातली मैत्रीण प्रमिला किनवटला एका आश्रमशाळेच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. शाळेमागच्या माळावर चंदनं आहेत आणि ती फुललीत, असं तिनं कळवलं होतं. तेव्हा आधी नांदेड, मग किनवट आणि तिथून वरात लातूरकडे, असा बेत ठरला.

नांदेड

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायाचं, माय?"

त्या 'माय'नं मी क्षणभर पत्ताच विसरले. कोकणात मला मॅडम म्हणतात, बाई म्हणतात, काकू म्हणतात. माय कुणी म्हणत नाही. मी लॉजचं नाव सांगितलं आणि माझ्याच बोलण्यातला कोकणी हेल मला ऐकू आला. त्यालाही आला असणार. "पावन्या हाव का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. हितलीच हाय," मी नेट लावून म्हटलं.

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याला ते पटलं नसावं.

आमचं आता नांदेडमध्ये काही उरलेलं नाही. राहायचो ते घर भाड्याचं होतं, आईबाबा गेले, गल्लीतली माणसं पांगली. त्यामुळे आपल्याच गावात लॉजवर उतरायचं. सकाळी टपरीवर 'सुशीला' खाल्ली. चिपळुणात हे नाव घेतलं की लोक कोण सुशीला म्हणून विचारतात. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी आणि वर शेंगदाण्याचा कूट, एवढंच ते प्रकरण. दादा सुशीला खाताना मिरच्या वेचून माझ्या ताटलीत टाकायचा. मी लहान असून मला तिखट चालायचं, त्याला नाही. त्या दिवशी मी मिरच्या बाजूला काढल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीत बसले. डाळ वाढणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींनी आग्रह करकरून वाढलं. तिथून घाटावर गेले. गोदावरी भरून चालली होती. याच घाटाकडच्या उतारावर दादानं मला सायकल शिकवली. मागून धरलंय असं सांगून तो केव्हाच हात सोडून द्यायचा आणि वर उभा राहून ओरडायचा, "धरलंय गं, धरलंय!" मला त्याची फार आठवण आली. आठवण येते हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात पन्नाशीची बाई घाटावर पाय सोडून बसते आणि उतारावरून येणारी एकेक सायकल मोजत राहते.

किनवट

भोकर मागे पडलं की हळूहळू हवा बदलते. शेतं मागे सरतात आणि साग पुढे येतो. तेव्हा सागाला तुरे आले होते, सगळ्या रानावर कुणी पांढुरकी पूड चाळल्यासारखी दिसत होती. प्रमिला स्टेशनवर उभी होती. केस सगळे पांढरे, आवाज मात्र तसाच.

"किती लठ्ठ झालीस गं! मासे मानवले तुला."

"तू वाळलीस. मुली फार छळतात वाटतं."

"मुली न्हाई गं. मुलींचे बाप छळतात. दर पंधरा दिसाला येतात, घरी घेऊन जातो मनतात. लगीन ठरवून राहिलेत, असं पोरगीच मला सांगते. मंग मी भांडत बसते."

जेवायला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल. आमच्याकडे आंबट म्हणजे कोकम. ते गोडसर, समजूतदार आंबट. अंबाडीचं आंबट थेट कानशिलात जातं. मी दुसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा वाढणारी मावशी खूश झाली.

स्वयंपाकघरामागे एक आंबा होता आणि त्याच्या अर्ध्या फांद्यांवर बांडगूळ माजलं होतं. प्रमिला मिस्कील हसत म्हणाली, "बघ, तुझा दादा."

आम्ही दोघी खाटेवर बसून ते पाहत राहिलो. बांडगुळाच्या नळीसारख्या शेंदरी कळ्या आपणहून क्वचितच उमलतात. अंगठ्याएवढा एक पक्षी येतो, त्याला फुलटोच्या म्हणतात. तो कळीचं टोक चोचीत दाबतो. कळी फट्‌कन उघडते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतात. तेच कपाळ घेऊन तो पुढच्या आंब्यावरच्या, पुढच्या मोहावरच्या बांडगुळाकडे जातो. पुढे त्याची फळं खातो. बी इतकं चिकट असतं, की विष्ठेतून बाहेर पडताना शेपटीखालीच लोंबकळतं. मग बूड फांदीवर घासल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. तिथे नवं बांडगूळ रुजतं. एकाच जागी खिळलेली, आणि तीही दुसऱ्याच्या अंगाला खिळलेली ही वनस्पती, पण तिच्यातली जनुकं रानभर हिंडत असतात. कोण कुणाचा बाप, कोण कुणाची आई, हे शोधायला गेलं तर कुठल्या कुठे जावं लागतं.

"मंजे नाव ठेवण्यासारखं काय न्हाई त्याच्यात," प्रमिला म्हणाली.

"नाव ठेवणारे झाडाकडे वर बघत नाहीत. नुसतं ऐकून बोलतात."

"दादा कधी चिडला नाही?"

"नाही. पण सणावाराला आमच्याकडे यायचा कमी झाला. आम्हीही तो सुखात आहे म्हणून गप्प राहिलो. आता वाटतं, ओढून आणायला हवा होता त्याला."

प्रमिलानं माझी चहाची बशी पुन्हा भरली.

सकाळी आम्ही माळावर गेलो. चंदनाची फुलं बघून कुणालाही निराशा यावी. मोहरीएवढी कळी, तिचं हातभर अंतरावरून जेमतेम दिसणारं चार पाकळ्यांचं फूल, आणि फुलाला चंदनाचा वासही नाही. सुगंध असतो तो आतल्या लाकडात, तोही झाड जुनं झाल्यावर. मी एकमेकांपासून लांबच्या झाडांचे फुललेले तुरे कापले, ओल्या कापसात गुंडाळले आणि स्टीलच्या डब्यात ठेवले. प्रमिला डब्यावर टॉवेल बांधता बांधता म्हणाली, "नवरदेवाला जपून ने."

लोहा

अमरवेल मी किती वर्षांनी पाहिली ती नांदेडहून लोह्याकडे येताना. रस्त्याकडेच्या बोरी-बाभळींवर पिवळ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं. तिला मूळ उरत नाही, पान उरत नाही. जिच्यावर चढते तिच्या देठात तोंड खुपसते आणि त्याच वाटेनं रसाबरोबर निरोपही जातात. शेजारच्या झाडाला कीड लागली तर ते अमरवेलीतून याही झाडाला कळतं. फार फार काळात कधीतरी एखादं जनुकही इकडचं तिकडे जातं आणि कायमचं राहून जातं. वर्गात हे सांगताना मुली 'ई' करतात. मला मात्र एसटीच्या खिडकीतून बघताना वाटलं, की इतकं जवळ राहिल्यावर काहीच देवाणघेवाण झाली नसती तरच नवल.

शेजारी बसलेल्या बाईंनी डब्याकडे बोट करून विचारलं, "काय हाय, ताई? लाडू?"

"फुलं आहेत."

"देवाला?"

"नाही. झाडाला."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि किंचित पलीकडे सरकल्या.

लोह्याजवळ आमची बस पंक्चर झाली. सगळे उतरून कडुनिंबाखाली थांबले. ऊन चांगलंच तापलं होतं. चहाच्या टपरीवर मी डबा उघडला. सकाळी फिकट पिवळसर असलेली सगळी फुलं वाइनसारखी गडद लाल झाली होती. चंदनाचं फूल उमलतं तेव्हा फिकट असतं आणि मग लाल होत जातं. लाल होईपर्यंत बहुतेक पराग उडून गेलेले असतात. मला हे पाठ होतं, परीक्षेला विचारते मी. तरी माळावर हौसेनं भरघोस उमललेले तुरेच आधी कापले होते. शहाणपण पुस्तकात राहिलं आणि हात मात्र लग्नाला निघालेल्या बाईसारखे फुलांकडे गेले.

टपरीवाल्या बाईंनी डोकावून पाहिलं. "किती नादर रंग आलाय की, लई झ्याक!"

"तोच तर घोळ झालाय," मी म्हटलं. पुन्हा किनवट गाठणं शक्य नव्हतं, दोन दिवसांनी कॉलेज होतं. आता भिस्त होती ती तुऱ्यांच्या टोकाशी राहिलेल्या मिटल्या कळ्यांवर. टपरीवरून थंड पाणी मागून घेतलं, लाल फुलं खुडून टाकली, देठ पुन्हा तिरपे कापून पाण्यात बुडवले. त्या बाईंनी कुठलीही चौकशी न करता माठातलं आणखी पाणी ओतून दिलं आणि डबा आपल्या बाकड्याखाली सावलीत सरकवला. एसटीचं चाक बसेपर्यंत मी तिथंच बसून राहिले. वहिनींना काय सांगू, एवढाच विचार डोक्यात घोळत होता.

वहिनींच्या दारात

लातूर सोडून औशाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन. पिवळं पडायला आलेलं. वहिनी फाट्यावर उभ्या होत्या. त्यांनी माझी बॅग घेतली, डबाही मागितला, पण मी दिला नाही.

घरासमोर चंदन उभं होतं. सरळ, काळपट खोडाचं आणि छातीच्या उंचीवर लाल पट्टा मारलेलं. त्याच्यापासून थोड्या अंतरावर, घराच्या भिंतीकडे, दुसरं लहान झाड. त्याच्यावर पट्टा नव्हता. ते रस्त्याच्या हद्दीच्या आत येत नव्हतं. दोन्ही झाडं फुलांनी भरली होती.

डब्यातले तुरे मी वहिनींच्या तांब्यात ठेवले. संध्याकाळी हुलग्याचं माडगं आणि धपाटे झाले. वहिनींनी दादाच्या जागी पाट मांडलेला नव्हता, पण त्या जागी कुणी बसलंही नाही. आम्ही दोघी भिंतीला टेकून जेवलो.

सकाळी उठून आधी तांब्या बघितला. कळ्या उमलल्या होत्या. सगळ्या नव्हेत, पण पुरेशा. फिकट, पिवळसर, ताज्या. मी वहिनींना मिठी मारली. त्यांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या.

मग ते दुसरं झाड. मला चैन पडेना. खुरपं मागून घेतलं आणि लहान झाडाच्या बुंध्याशी माती उकरायला बसले. तेवढ्यात शेजारच्या सोजरबाई आल्या. दादाच्या चंदनाचं लग्न यांनीच पुढाकार घेऊन लावलं होतं.

"काय हुडकून राहिल्या, ताई?"

"हे झाड कुठून आलं ते बघतेय."

"पाखरानं टाकलं की. मी मनले शांताला, एकटं होतं ते आता जोडी झाली, लगीन लावून टाका. कडुनिंब-पिंपळाचं लावतेत तसं. टावेल धरला, अक्षदा टाकल्या. मंगलाष्टका मीच मनले."

"आन् मी मनले, आमच्या घरी लगीन हाय तर त्रिशरण-पंचशील बी झालंच पायजे," वहिनी म्हणाल्या. "मग आधी त्यांच्या मंगलाष्टका, मग आमचं वंदन. तुमचे दादा खुर्ची टाकून बसले हुते आन् नुस्ते हसून राहिले हुते. मनले, हे असलं लगीन जिल्ह्यात झालं नसंल."

मला डोळ्यांपुढे तो दिसला. सगळ्या कर्मकांडांशी आयुष्यभर भांडलेला माझा भाऊ, आणि दोन झाडांच्या मधे धरलेला टॉवेल.

खुरपं एका जाड मुळाला लागलं. लहान झाडाला खाली जाणारं स्वतःचं सोटमूळ नव्हतं. ते या आडव्या मुळातून फुटून वर आलं होतं. मी माती बाजूला करत मुळाच्या मागे मागे गेले. ते वळून सरळ मोठ्या चंदनाच्या बुंध्यात शिरत होतं.

मी खुरपं बाजूला ठेवलं. कोडं सुटलं होतं. "वहिनी, हे पाखरानं नाही आणलेलं. हा त्या मोठ्याच्याच मुळाचा फुटवा आहे. ही दोन झाडं नाहीत. एकच झाड आहे, दोन जागी उभं राहिलंय."

सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं माय! मंजी आपण त्याचं त्याच्याशीच लगीन लावलं?"

आधी वहिनी हसल्या, मग सोजरबाई, मग मी. आम्ही तिघी अंगणात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. सगोत्र म्हणावं तर सगोत्राच्याही अलीकडचं. इकडचे पराग तिकडे गेले तरी झाड आपलेच आपल्याला परत करत होतं. म्हणून इतकी वर्षं फुलं आली आणि झडली.

हसणं ओसरल्यावर वहिनी उठून लहान झाडाजवळ गेल्या. "मंजी ते मोठं तोडलं तरी हे तेच?"

"तेच. पानन्‌पान तेच. याला धक्का लागत नाही. तुमचं झाड जात नाहीये, वहिनी."

त्यांनी खोडावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. सोजरबाई हळूच निघून गेल्या. मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. मी म्हटलंही तसं, "मग आता बी कशाला हवंय? झाड तर राहिलंच."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुमचे दादा झाडाची वाट न्हवते बगत, ताई. फळाची बगायचे. आन् हे ऱ्हाईल, खरं हाय. पर एकटंच ऱ्हाईल न्हवं? एकटं ऱ्हायाचं काय असतंय ते मला इचारा. सोताचं सोताला आपलं रोज तेच. बोलावं तर आपलाच आवाज परत. तुम्ही एवढ्या लांबून आणलंय ना? मग लावा."

"पण बी आलं तर ते हे झाड नसेल. अर्धं याचं आणि अर्धं किनवटच्या रानातलं. वेगळंच कुणीतरी असेल."

"आसू द्या की. तुमचे दादा बी माझ्या घरी वेगळेच कुणीतरी आले हुते."

मी हात धुतले आणि तांब्या उचलून झाडाखाली आणला.

सोजरबाईंच्या सुनेनं सुया आणून दिल्या. टोकांना कापसाचा धागा गुंडाळून आम्ही किनवटच्या फुलांचे पराग टिपले आणि फिकट, नुकत्याच उमललेल्या फुलांना लावले. मोठ्या झाडालाही लावले, लहानालाही. चष्मा लावून, श्वास रोखून. ज्या तुऱ्यांना लावले त्यांना वहिनी शिलाई मशीनचा निळा दोरा बांधत होत्या. दुपारपर्यंत मान मोडून आली. दोन्ही झाडांवर जागोजाग निळे दोरे हलत होते. रस्त्यानं जाणारे लोक थांबून विचारत, काय चाललंय? वहिनी कुणालाही सांगत, "आमच्या घरी लगीन हाय."

निघताना त्यांनी मला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. एसटी येईपर्यंत फाट्यावर आम्ही उभ्या होतो. वहिनी म्हणाल्या, "ते असते तर आज तुमच्यासंग झाडाच्या खांदीवर चढून बसले असते." मी म्हटलं, "आणि पडले असते." एसटी आली. मी खिडकीतून हात हलवत राहिले आणि मला तो तिथं हवा होता, वहिनींच्या शेजारी, इतका की खिडकीच्या गजाला धरलेला दुसरा हात दुखायला लागला.

परत चिपळुणात

त्यानंतर वहिनींचे फोन सुरू झाले. आधी आम्ही सणाला बोलायचो, आता आठवड्याला. दोऱ्यांच्या तुऱ्यांत टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी फळं धरली, हे सांगताना त्यांचा आवाज इतका वर चढला, की त्यांना धाप लागली. मी फोन स्पीकरवर टाकला आणि गडग्यापलीकडच्या काकूंनाही ऐकवला.

मग मशीन आलं. त्या दिवशी वहिनींनी फोन केला आणि तो नुसता मशीनच्या दिशेनं धरला. मला फक्त घरघर ऐकू येत होती आणि मग ती थांबलेली. मोठं झाड हिरव्या फळांसकट गेलं. लहान झाड राहिलं, पण रस्त्याच्या कामाची धूळ त्याच्यावर बसत राहिली आणि फळं एकेक गळू लागली. वहिनी रोज पानांवर पाणी शिंपडत. शेवटी एकच फळ उरलं. मी सारखी विचारायची, रंग आला का, रंग आला का. एक दिवस त्यांनी सांगितलं, "जांभळं व्हायलंय." मी म्हटलं, फडकं बांधा, जाळी बांधा, काहीही करा पण त्याला एकटं सोडू नका.

त्या म्हणाल्या, बांधते.

दुसऱ्याच सकाळी फोन आला. "ताई, फळ गेलं."

"म्हणजे? गळलं?"

"न्हाई. काळं कुळकुळीत झालं हुतं. मी फडकं घेऊन आले तोवर बुलबुल बसलं हुतं फांदीवर. माझ्याकडं बगून गटकन गिळलं आन् उडालं."

मी कपाळावर हात मारला. इतकी यातायात, किनवट, लोह्याचं ऊन, सुया, दोरे, आणि शेवटी एका पक्ष्याच्या पोटात! मी वहिनींवर चिडले. सरळ चिडले. आदल्याच संध्याकाळी का नाही बांधलं, म्हणून बोलले.

वहिनी सगळं ऐकून घेत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "ते बगा, बांधाकडं गेलं उडून. तिथं काट्याच्या कुपाटीवर बसतंय रोज. तिथंच टाकलं आसंल कुठंतरी. आवं, मी आज सकाळी कुपाटीनं पार वढ्यापर्यंत जाऊन आले. इतक्यात काय दिसत न्हाई म्हणा, येळ लागतोय त्याला, तुम्हीच सांगितलं हुतं. पर आता रोज जानार. चूल पेटवायच्या आधी जानार. सोजरबाई मनल्या, शांते, काय सांडलंय का तुझं?"

पलीकडे त्यांनी चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"ते गेल्यापासून सकाळी उठून कुठं जायाचंच न्हवतं, ताई. आता लई दिसांनी मला कशाची तरी वाट हाय बगा."